लिहू पाहणाऱ्यांसाठी : दाराआडची गोष्ट



या सदराकडे आलेल्या पत्रांत सध्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली पत्रे बरीच आहेत. कुणी बारावीला आहे, कुणी डी.एड. करून घरी बसली आहे, कुणाचे यजमान कुवेतला आहेत. एक बुजुर्ग उमेदीची सगळी वर्षे जहाजावर काढून गावी परतले आहेत. पत्रांचा सूर एकच : कथा लिहिली आहे, बरी आहे का सांगा, आणि छापणार कोण तेही सांगा. सोबत कथा जोडलेली आहे, बहुतेक वेळा वहीच्या कागदावर, दोन्ही बाजूंनी, समास न सोडता.

आम्ही त्या सगळ्या वाचल्या. भाषा बहुतेकांची चांगली आहे, आणि हे आधी सांगायला हवे, कारण आपल्या मुलांना मराठी येत नाही असा एक समज अजून आहे. अडचण दुसरीच आहे. बिरवाडीहून आलेल्या कथेत नायिका मुंबईतल्या बाल्कनीत कॉफी पीत उभी असते. पोलादपूरहून आलेल्या कथेत घाट नाही, एसटी नाही, पाऊस नाही. सावित्री कुणाच्याच कथेत नाही. दुसरा एक गठ्ठा आहे तो उपदेशाच्या कथांचा. त्यात हुंडा मागणारी सासू असते आणि ती शेवटच्या परिच्छेदात सुधारते. इतक्या घाईने सुधारलेली सासू आम्ही तरी प्रत्यक्षात पाहिलेली नाही.

तेव्हा या महिन्यात नियम सांगत बसण्यापेक्षा तुमच्याच गावातली एक गोष्ट घेऊन बघू, की तिची कथा कशी होईल.

महाडचे चवदार तळे सगळ्यांना ठाऊक आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव चालून आला. मंडपात जेवायला बसलेल्या आणि गावी परतायला निघालेल्या लोकांना मारहाण झाली. त्यांतल्या काहींनी महाडमधल्या मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला, असे या सत्याग्रहाच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा मंडपाला जागा मिळेना, आणि फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली, हेही नोंदलेले आहे.

इतिहासात हे एकेका वाक्यात येते आणि इतिहासकार पुढे जातो, कारण त्याला पुढचे बरेच सांगायचे असते. कथालेखकाने त्या वाक्यापाशी थांबायचे. आसरा घेतला म्हणजे नेमके काय झाले? दार कुणी उघडले? पुरुष घरात होते की बाजारात? माजघरात बायका होत्या, परका पुरुष आत कसा घेतला? कुठे बसवले, ओटीवर की आत? पाठलाग करणारे दाराशी आले असतील तर त्यांना काय सांगितले? आणि ते पाठलाग करणारे अनोळखी नव्हते. उद्या त्यांच्याच दुकानात मीठ-तेल घ्यायला जायचे होते.

आता दुसरी पायरी. जुन्या काळाची कथा लिहिताना आम्ही नेहमी सांगतो की आधी कॅलेंडर बघा. या दिवसाचे बघितले तर काय निघते? हिजरी सन १३४५ चा रमजान मार्च १९२७ च्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला होता. म्हणजे २० मार्च हा ऐन रमजानातला दिवस, महिना निम्म्यावर आलेला, आणि वार रविवार. ज्यांच्या घरांत ही माणसे शिरली त्या घरांत रोजे होते.

ही तारीख डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा त्या दाराकडे बघा. मार्चचा उन्हाळा. सावली लांबत चाललेली, रोजा सोडायला अजून अवकाश. चुलीवर काहीतरी चढलेले. घरातल्या माणसांनी पहाटेपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. आणि दारातून आत येतो तो माणूस पाणी प्यायला म्हणून मार खाऊन आलेला आहे. त्याला पहिल्यांदा काय लागणार? पाणीच. घरात रांजण आहे. घरातली एखादी दहा-बारा वर्षांची मुलगी, जिचा हा पहिलाच रोजा आहे असे समजा, ती कोरड्या ओठांनी तांब्या भरते आणि त्याच्यापुढे धरते. तो तांब्या हातात घ्यायला कचरतो, कारण आजवर कुणी त्याच्या हातात तांब्या दिलेला नाही, वरून ओंजळीत ओतले आहे. ती मुलगी तशीच उभी राहते. तिला यातले काही कळत नाही. तिला एवढेच वाटते की हा माणूस पाणी का घेत नाही, याचाही रोजा आहे की काय?

ही मुलगी आम्ही कल्पनेने उभी केली. ती नोंदीत कुठेही नाही. पण तारीख खरी, महिना खरा, आसरा खरा. खऱ्या गोष्टी अशा घट्ट धरल्या की कल्पनेला उभे राहायला जमीन मिळते. रात्रीचा प्रसंग घ्यायचा तर रमजान निम्मा उलटलेला म्हणजे चंद्र जवळजवळ पुरा, तेव्हा मिट्ट काळोखातून कुणी लपत पळाले असे लिहिता येणार नाही. चांदण्यात पळणारा माणूस दिसतो, आणि ही अडचण कथेला फायद्याची आहे.

अशा कथेत बिघाड कुठे होतो तेही सांगतो. नवा लेखक इथे घरातल्या आजोबांच्या तोंडी भाषण घालतो. सगळी माणसे सारखीच आहेत, पाण्याला जात नसते, इस्लाम समतेचा धर्म आहे, वगैरे. हे सगळे खरे आहे, पण मुलीने तांब्या पुढे धरला तेव्हाच ते सांगून झाले. आजोबांनी बोलायचेच असेल तर त्यांना घाबरू द्या. दाराला अडसर लावताना त्यांचा हात थरथरू द्या. 'तुम्ही त्याला आत का घेतलेत,' असे सुनेवर चिडू द्या. ज्या घरात सगळेच धीट आणि सगळेच थोर आहेत, त्या घरात गोष्ट घडायला जागा उरत नाही. आपल्या समाजाचे चांगले दिसावे म्हणून पात्रे गुळगुळीत करण्याचा मोह आपल्याला फार होतो. बाहेर आपल्याविषयी जे लिहिले-बोलले जाते त्याने तो होतो, हे आम्हाला समजते. तरीही वाचकाला घाबरलेला आणि तरीही दार उघडणारा माणूसच पटतो.

वस्तूकडून काम कसे करून घ्यायचे हे ज्याला शिकायचे आहे त्याने हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आठवावा. तो कल्पित नव्हे, तेव्हा कथेच्या पंगतीला तो बसवत नाही. पण सांगण्याची रीत बघा. तीन ठिकाणी सदरा येतो. एकदा खोट्या रक्ताने माखलेला, एकदा मागून फाटलेला, आणि शेवटी आंधळ्या झालेल्या बापाच्या चेहऱ्यावर टाकताच नजर परत आणणारा. खोटा पुरावा, खरा पुरावा आणि मग शिफा, तिन्ही एकाच कपड्यातून. लहानपणापासून ऐकलेल्या या किश्श्यात आपल्याला तो सदरा विसरता येत नाही. तुमच्या कथेतही एखादी वस्तू अशी पुन्हा येऊ द्या. गल्फहून आलेली ब्लँकेट असेल, पुरात चिखल शिरून बंद पडलेली शिलाई मशीन असेल, सांदणाचे साचे असतील.

आता अवघड भाग. महाड-पोलादपूरने अलीकडे फार सोसले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर आला, त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या, आणि महाड शहर पुरात बुडाले. आमच्याकडे आलेल्या कथांत सावित्री नाही असे वर म्हटले, त्याचे एक कारण हेही असेल. जे फार जवळ आहे त्यावर लिहवत नाही.

पण दोघा-तिघांनी विचारले आहे की यावर लिहावे का. लिहावे, पण ज्यांची माणसे गेली ती कुटुंबे तुमच्या शेजारी राहतात, उद्या हा अंक त्यांच्याही घरी जाईल, हे विसरू नका. नाव बदलले म्हणून माणूस लपत नाही. ढिगाऱ्याखालून बाहेर काढलेले मूल, इतकेच लिहिले तरी अख्खे महाड त्याला ओळखते. म्हणून आमचा आग्रह असा की खऱ्या मयताचा, खऱ्या बचावलेल्याचा प्रसंग जसाच्या तसा उचलू नका. त्यांच्या शेवटच्या क्षणांत तर शिरूच नका, तो हक्क कुणालाच नाही. तुमच्या स्वतःच्या घरात काय झाले ते घ्या. पाणी चढताना वरच्या मजल्यावर काय नेले आणि काय ठेवले? आधी कुराण शरीफ, मग रेशनकार्ड, मग काय? कुणाच्या घरी किती दिवस राहिलात, आणि चौथ्या दिवशी त्या घरातल्या बाईचा आवाज कसा बदलला? चिखल काढायला कोण आले, आणि कोण येईल असे वाटले होते पण आले नाही? कथा या गोष्टींत असते. दुर्घटनेची बातमी वर्तमानपत्रांनी देऊन झाली आहे.

त्याहूनही जवळचे काही लिहायचे असेल, तर? पोलादपूरकडच्या एका भगिनीने विचारले आहे की सासरच्या घरातले लिहिले आणि कुणी ओळखले तर काय. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाईने लिहिलेली कथा लोक तिची आत्मकथा समजूनच वाचतात. यावर उपाय तीन आहेत, आणि एकही पुरता नाही. दोन-तीन घरांतली माणसे मिसळून एक पात्र करावे, धंदा, गाव, वय बदलावे. लिहिलेले सहा महिने बाजूला ठेवावे, राग उतरल्यावर वाचावे. राग उतरल्यावरही जे वाक्य खरे वाटते ते ठेवावे, ज्यात नुसता सूड आहे ते काढावे. आणि टोपणनाव घेता येते. संपादकाला खरे नाव कळवायचे, अंकात टोपणनाव छापायला सांगायचे, ही रीत मराठीत जुनी आणि मान्य आहे. त्याने तुमचा कथेवरचा हक्क जात नाही.

बोलीविषयी थोडे. आपल्या भागात कित्येक मुलांची घरात कोकणी बोली, मदरशात उर्दू, शाळेत पुस्तकी मराठी अशी तीन भाषांत ये-जा असते. कथा लिहायला बसले की मात्र सगळी पात्रे शाळेच्या पुस्तकासारखी बोलू लागतात, नाहीतर मराठी सिनेमातल्या मुसलमानासारखी 'अरे भाईजान' करत मोडक्या हिंदीत. दुसरा प्रकार पाहून आम्हाला वाईट वाटते. सिनेमावाल्याला ठाऊक नाही म्हणून तो तसे दाखवतो. तुम्हाला ठाऊक आहे की तुमची दादी हिंदी बोलत नाही. तिला ती बोलते तसे बोलू द्या. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद बोलीत, आणि बोली इतकीच की नागपूरच्या वाचकालाही अर्थ लागेल. मय्यत, इद्दत, मेहर, सहरी अशा शब्दांपुढे कंसात अर्थ देऊ नका. प्रसंगातून अर्थ कळतो. सोयरसुतक हा शब्द आपल्याला कुणी कंसात समजावला होता? मात्र एक शब्द एकाच रीतीने लिहा. पहिल्या पानावर रमजान आणि तिसऱ्यावर रमझान, असे नको. शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत, छोट्या पुस्तिकेत मिळतात, दोन दुपारी पुरतात.

आपल्या कोकणातल्या मुसलमान घरांचे, शेतांचे, वाड्यांचे मराठीत लिहिणे कुणी करून दाखवले आहे का, असे त्या जहाजावरून परतलेल्या बुजुर्गांनी विचारले. करून दाखवले आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांचा 'लाट' हा कथासंग्रह १९६१ चा आणि 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची. दलवाईंच्या सामाजिक मतांवरून आपल्या वाचकांत टोकाचे वाद आहेत. ते वाद इथे आणायचे आम्हाला कारण नाही. 'इंधन' मधे बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला माणूस आहे, गाव हिंदू-मुसलमान दोघांचे आहे, आणि लेखक कुणाचीच बाजू सजवत नाही. कसे लिहिले आहे एवढ्यासाठी वाचा. पटले नाही तर त्याच गावाची तुमची गोष्ट लिहा. कादंबरीला दिलेले सर्वांत चांगले उत्तर दुसरी कादंबरीच असते. नाटकाकडे ओढा असेल त्यांनी शफाअत खान वाचावेत. आणि १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, हे मुलांना सांगून ठेवा. तुम्ही कुणाच्या अंगणात उसने बसलेला नाहीत.

कथा पूर्ण करण्याविषयी फार सांगत नाही. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवचरित्रावरचे त्यांचे संस्कृत काव्य 'शिवभारत' बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच तुटले आहे. एवढ्या मोठ्या कवीचे अपुरे काव्यही लोकांनी जपले, आपले जपणार नाहीत. तेव्हा पहिला खर्डा कसाही असो, शेवटच्या ओळीपर्यंत न्या. मग मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या माणसाला. ऐकणारा जिथे मोबाईलकडे बघतो तिथे खूण करा. पहिले पान बहुधा काढून टाकावे लागते, कारण पहिल्या पानावर आपण सकाळ, पाखरे आणि धुके यांचे वर्णन करून हात मोकळा करत असतो.

आता छापण्याकडे वळू. इथे पैसे बुडतात, म्हणून सावकाश वाचा.

पुस्तकाच्या मागे लगेच लागू नका. आधी कथा मासिकांत आणि दिवाळी अंकांत येऊ द्या. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत नवा कथाकार बहुधा याच दाराने आत येतो. दिवाळी अंकांची तयारी पावसाळ्यातच सुरू होते. ऑक्टोबरात कथा पाठवून उपयोग नसतो, जूनपर्यंत पाठवा. पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन वर्षांचे अंक वाचनालयात बसून चाळा. विनोदी अंकाला शोककथा धाडणारे लोक आहेत, त्यांत तुम्ही नको.

हाताने लिहिलेली कथा चालते, पण कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, पानांना क्रमांक घालून. झेरॉक्स स्वतःजवळ ठेवल्याशिवाय मूळ प्रत पाठवू नका. मोबाईलवर लिहिणार असाल तर युनिकोडमधे टाइप करून वर्ड फाइल जोडा, पानांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर धाडू नका. बोलून टाइप करणाऱ्यांनी नंतर विरामचिन्हे हाताने घालावीत, आणि मशीन 'रोजा'चा 'रोज' करते तेही तपासावे. सोबतचे पत्र चार ओळींचे असावे : नाव, पत्ता, फोन, कथेचे नाव, अंदाजे शब्दसंख्या, कथा पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नाही एवढे. आपल्या गरिबीचे, आजाराचे, वडिलांच्या इच्छेचे वर्णन पत्रात नको. एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. दोन-तीन महिने वाट बघून एकदा नम्रपणे विचारावे, उत्तर नसेल तर कथा काढून घेत असल्याचे कळवून दुसरीकडे पाठवावी. नकार आला तर तो त्या कथेला आला, तुम्हाला नाही. आणि नकारासोबत संपादकाने दोन ओळी लिहिल्या असतील तर तो कागद जपून ठेवा. संपादकाला वेळ नसतो, आशा वाटल्याशिवाय तो तेवढेही लिहीत नाही.

दहा-बारा कथा प्रसिद्ध झाल्या की संग्रहाचा विचार करावा. नवोदितांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ हस्तलिखिते मागवते, ती तज्ज्ञांकडून वाचून घेते आणि निवडलेल्यांना प्रकाशनासाठी अनुदान देते. अटी आणि मुदती बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात नीट वाचूनच अर्ज करावा. कथा हा प्रकार त्यात बसतो. कोकणापुरते म्हणाल तर कोकण मराठी साहित्य परिषद आहे, १९९१ साली मधु मंगेश कर्णिक यांनी सुरू केलेली. तिच्या कार्यक्रमांना जा. आपण जात नाही आणि मग आपल्याला बोलावत नाहीत म्हणतो, हे काही बरोबर नाही.

मग येतात ते प्रकाशक, जे फोनवर म्हणतात की तुमचे पुस्तक फार आवडले, अमुक रक्कम भरा, इतक्या प्रती तुमच्या. पैसे घेऊन छापणे हा गुन्हा नाही, तो छपाईचा धंदा आहे, पण त्याला निवड म्हणू नका. गल्फमधे असलेल्या भावाने वर्षभर साठवून पाठवलेले पैसे देऊन पुस्तकांचे गठ्ठे पडवीत येऊन पडायचे, आणि पुढचा पूर आला की तेच पहिले भिजायचे, अशी गत होऊ देऊ नका. स्वतःच्या पैशाने छापायचेच ठरले तर दोन-तीन छापखान्यांकडून लेखी दर घ्या, कागद कोणता, प्रती किती, मुद्रितशोधन कोण करणार ते विचारा, आणि थोड्या प्रतींपासून सुरुवात करा. आयएसबीएन क्रमांकासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो.

कुठलाही करार लेखी हवा. लिहिणाऱ्याचा हक्क कथा लिहिली त्या क्षणापासून त्याचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. म्हणजे तुमच्या कथांचाही वारसा असतो, तो नातवंडांपर्यंत पोचतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार सही केलेल्या लेखी कराराशिवाय हा हक्क दुसऱ्याकडे जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. 'सर्व हक्क कायमचे' असे शब्द दिसले तर सही करू नका, घरी आणा, वकिलीतल्या कुणा नातेवाइकाला दाखवा. अनुवाद, सिनेमा, ऑडिओ यांचे हक्क वेगळे लिहून घ्या. पहिल्या पुस्तकाला सिनेमावाला कोण येणार, असे म्हणून हसू नका. लिहायला एकच ओळ लागते. मानधनाचे आकडे छापील किमतीवर की विक्रीच्या किमतीवर, हेही त्याच कागदावर हवे. मासिकात कथा दिली म्हणजे एकदा छापायची परवानगी दिली, संग्रहात घ्यायला ती तुमचीच राहते, पण अंकाच्या नियमावलीत काही वेगळे लिहिले आहे का ते बघून घ्या.

ज्यांनी कथा पाठवल्या त्या सर्वांना आम्ही स्वतंत्र पत्रे लिहीत आहोत, थोडा वेळ लागेल. पोलादपूरच्या भगिनींनी आपली कथा पुन्हा पाठवावी. पहिली दीड पाने काढून, जिथे नणंद विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत येते तिथून सुरू करावी. जहाजावरच्या बुजुर्गांनी बंदरांची नावे कमी करावीत आणि घरी परतल्यावर पहिल्या रात्री झोप का लागली नाही ते लिहावे. ते त्यांनी पत्रात दोन ओळींत सांगितले आहे, कथेत नाही. आणि महाडमधे ज्या घरांतून १९२७ च्या त्या रविवारविषयी काही ऐकलेले असेल, त्यांनी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून ते आजच लिहून घ्यावे, कथा नंतर होईल. सांगणाऱ्याचे नाव, नाते आणि तारीख कागदाच्या वर घालावी. पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, कथेच्या पहिल्या वाक्यांविषयी बोलू. त्यासाठी तुमच्या कथेचे फक्त पहिले वाक्य पोस्टकार्डावर पाठवा, ते पंधरा तारखेपर्यंत पोचावे.